शाळेत असतानाच कॉलेज : फी भरतो कोण आणि मोजतो कोण?



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण एरवी बेणे, बेसल डोस, हुमणी, खोडव्याची निगा असले विषय वाचता. या खेपेस विषय जरा बाहेरचा घेतला आहे. तो का घेतला ते आधी सांगतो.

ऑगस्टअखेर लागणीच्या नोंदी घ्यायला गटातल्या एका गावी गेलो होतो. नोंद झाली, चहा आला. घरचे अण्णा कारखान्याचे जुने सभासद. चहा पिता पिता त्यांनी विचारले, "साहेब, तुमी शिकल्यालं हाय, जरा सांगा. आमची नात अमेरिकेत अकरावीला हाय. पोरगा म्हणतोय, ती आता कॉलेजला जाणार. आन् फी म्हनं सरकार भरणार. पोरीनं शाळा सोडली का काय? आन् सरकार भरतंय म्हंजे ते कर्जच असंल की!"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. "बघून सांगतो" म्हणालो. रात्री त्यांच्या मुलाशी फोनवर बोललो. तो वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराजवळ असतो. नंतर जमेल तसे वाचून काढले. गट ऑफिसात हा विषय निघाला तेव्हा कळले की आणखी दोन-तीन घरांतून हाच प्रश्न आहे. आपल्या भागातली पोरे आता पुणे-बंगळूर करत तिकडे गेलेली आहेत आणि त्यांची मुले तिकडच्या शाळांत आहेत. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

पहिले उत्तर, अण्णांच्या जिवाला घोर नको म्हणून. पोरीने शाळा सोडलेली नाही आणि हे कर्जही नाही.

ही सोय आहे तरी काय

अमेरिकेत नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल. सरकारी हायस्कुलाला फी नसते. कॉलेजला मात्र दणकून पैसे लागतात. त्यातल्या त्यात स्वस्त म्हणजे कम्युनिटी कॉलेज. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजे असतात. तेथून पुढे विद्यापीठात जाऊन पदवी पुरी करता येते.

तिकडचे शिक्षण क्रेडिटवर मोजतात. क्रेडिटला आपल्याकडे आता श्रेयांक म्हणतात. एखादा विषय अमुक तास शिकून पास झालात की तेवढे क्रेडिट तुमच्या नावे जमा होतात. सहा-सहा महिन्यांची सत्रे असतील तर पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. वॉशिंग्टन राज्यातल्या बहुतेक सरकारी कॉलेजांत वर्षाला तीन सत्रे धरतात, तिथे हाच आकडा १८० होतो. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी त्याच्या निम्मी, म्हणजे ९० क्रेडिटची.

शाळेतले पोर कॉलेजचा विषय शिकले आणि ते क्रेडिट दोन्हीकडे धरले, शाळेच्या बारावीतही आणि कॉलेजच्या पदवीतही, तर त्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. एकाच रानात ऊसही आणि आंतरपीकही, असे समजा. वॉशिंग्टनमध्ये या योजनेचे नाव रनिंग स्टार्ट. १९९० साली तेथील विधिमंडळाने कायदा केला आणि दोन वर्षे काही कॉलेजांत चाचणी घेऊन १९९२ पासून ती राज्यभर लागू झाली. अकरावी-बारावीची मुले कॉलेजात जाऊन मोठ्या मुलांच्याच वर्गात बसतात. पेपर तोच, प्राध्यापक तोच. कॉलेजचा ५ क्रेडिटचा विषय शाळेत १ क्रेडिट धरतात. शाळेतले १ क्रेडिट म्हणजे वर्षभराचा विषय. म्हणजे शाळेत जे वर्षभर चालते ते कॉलेजात साधारण अकरा आठवड्यांच्या सत्रात उरकते. म्हणूनच ते झेपेल का, हे आधी बघावे लागते. दोन्ही वर्षे पूर्ण वेळ कॉलेज केले तर पोर बारावी पास होते त्याच सुमारास ९० क्रेडिटची पदवीही पदरात पडू शकते. अशी मुले दरवर्षी निघतात.

पैशाची वाट

आता खरा विषय. सरकार भरते म्हणजे कोण भरते?

शाळेत नोंदलेल्या प्रत्येक मुलामागे राज्य सरकार शाळेच्या मंडळाला ठरावीक पैसा देते. रनिंग स्टार्टच्या मुलामागचा हा पैसा मुलाच्या पाठोपाठ कॉलेजकडे जातो. १०० रुपये मिळाले असे धरा. त्यातले ७ रुपये शाळा ठेवून घेते आणि ९३ रुपये कॉलेजला जातात. पोर अर्धा वेळच कॉलेजला जात असेल तर हिशेब त्या प्रमाणात. आपल्या ऊस बिलातून कपाती होऊन उरलेले खात्यावर जमा होते, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे कपातीपेक्षा जमा मोठी आहे. कॉलेजला हा पैसा मिळाला की ते पोराकडून शिकवणीची फी घेत नाही. सरकारने जो पैसा शाळेसाठी काढून ठेवला होता तोच कॉलेजला वळवला, म्हणून परतफेडीचा प्रश्न येत नाही.

ही कल्पना वॉशिंग्टनची नव्हे. मिनेसोटा राज्याने १९८५ साली, रुडी पर्पिच गव्हर्नर असताना, असा कायदा पहिल्यांदा राज्यभर केला. तेव्हा शाळांच्या बाजूने बराच विरोध झाला. त्यांचे म्हणणे सरळ होते. हुशार पोरे उठून कॉलेजात जाणार, त्यांच्यामागचा पैसाही जाणार. पण शाळेची इमारत तीच, बस तीच, मास्तर तेवढेच, मग राहिलेल्या पोरांना शिकवायचे कशातून? या म्हणण्यात तथ्य आहे. टोळी पन्नास टनाला आली काय आणि शंभर टनाला आली काय, गाडीचा काही खर्च तोच राहतो, हे आपल्याला सांगायला नको. दुसरी बाजूही आहे. पोरे जाऊ लागली तेव्हा शाळांनीच आपल्या वर्गांत कॉलेजच्या तोडीचे विषय वाढवले. पैसा हलला नसता तर ते इतक्या लवकर झाले असते असे मला वाटत नाही.

मिनेसोटाचा एक नियम मला फार आवडला. तिथे फीबरोबर लागणारी पुस्तकेही मुलाला फुकट मिळतात, पण सत्र संपले की ती कॉलेजला परत करायची. पुस्तक कॉलेजच्या मालकीचे. गरीब घरच्या मुलाला कॉलेजपर्यंत जाण्या-येण्याच्या खर्चाची भरपाईही मागता येते.

बाकीच्या राज्यांत ज्याचे त्याचे निराळे. ओहायोत २०१५ पासून कॉलेज क्रेडिट प्लस नावाची योजना आहे. ती सातवीपासूनच्या मुलांना खुली आहे. सरकारी शाळेतले पोर सरकारी कॉलेजात गेले तर फी नाही, पुस्तकाचा खर्चही शाळेच्या मंडळावर. राज्य सरकार शाळेला देणे असलेल्या रकमेतून कॉलेजचे पैसे परस्पर वळते करून घेते, सोसायटीची वसुली होते तशी. पण एक काटा आहे. पोर त्या विषयात नापास झाले तर शाळेला तो खर्च आई-बापाकडून मागता येतो. गरीब कुटुंबाला त्यातून सूट आहे. फ्लोरिडात मुलाला फी माफ आहे, पण तो बोजा पूर्वी कॉलेजांवर पडे. २०१३ च्या कायद्याने, वर्ग कॉलेजात भरत असेल तर शाळेच्या मंडळाने कॉलेजला पैसे द्यावेत असे ठरले. जॉर्जियात सरकारने आधी हात मोकळा सोडला, पण खर्च भराभर वाढला. मग २०२० साली कायदा बदलून सरकारी खर्चाने एका मुलाला जास्तीत जास्त ३० क्रेडिट, अशी मर्यादा घातली. टेक्सासमध्ये कुठल्या कॉलेजात किती पैसे पडतात याचा मेळ नव्हता. तिथे २०२३ साली, ज्या मुलांना घरच्या गरिबीमुळे शाळेत फुकट किंवा सवलतीचे जेवण मिळण्याचा हक्क आहे, त्यांना सहभागी कॉलेजांत हे विषय फुकट केले.

दिल्लीसारखे त्यांचे वॉशिंग्टन शहरातले केंद्र सरकार यात फारसे नाही. (वॉशिंग्टन राज्य निराळे आणि राजधानीचे शहर निराळे, दोन्ही देशाच्या दोन टोकांना आहेत. माझाही आधी घोटाळा झाला होता.) केंद्राची पेल नावाची मोठी शिष्यवृत्ती आहे, पण ती हायस्कूल पुरे झालेल्यांसाठी. २०१६ साली ४४ कॉलेजे निवडून, शाळेतल्या गरीब मुलांना ती द्यावी असा एक प्रयोग जाहीर झाला होता. तो प्रयोगापुरताच होता. मुख्य भार राज्ये, शाळा आणि कॉलेजे यांनी आपसात वाटून घेतला आहे आणि भांडणे होतात तीही त्या वाटणीवरून.

पसारा मात्र वाढला आहे. २०२२-२३ या वर्षात हायस्कुलातल्या सुमारे २५ लाख मुलांनी कॉलेजचा निदान एक विषय घेतला. कम्युनिटी कॉलेजांत आज साधारण पाचातला एक विद्यार्थी हा खरे तर शाळेतला असतो.

फुकट म्हणजे किती फुकट

अण्णांच्या मुलाला मी फोनवर हेच विचारले. तो हसला आणि म्हणाला, "फी नाही, पण खिसा मोकळा होतोच."

रनिंग स्टार्टमध्ये सरकार शिकवणीची फी भरते. पुस्तके, प्रयोगशाळेचे वगैरे किरकोळ आकार आणि जाणे-येणे घरचे. गरिबाला आकारात माफी मिळते, पण ती मागावी लागते. शाळा आणि कॉलेज मिळून किती विषय घ्यायचे याला मर्यादा आहे. त्यावर घेतले तर पैसे भरा. कॉलेजच्या पातळीखालचा, म्हणजे कच्चे गणित पक्के करून घेण्याचा विषय घेतला, तर त्यालाही पैसे पडतात.

सर्वांत अवघड जाते जाणे-येणे. सिएटलच्या उपनगरात कॉलेज जवळ असते. पण त्याच राज्याच्या पूर्वेला याकिमाकडे सगळा सफरचंदाचा मुलूख आहे. बागांतून मजुरी करणाऱ्यांची, मेक्सिकोकडून आलेल्यांची घरे आहेत, गावे पांगलेली आहेत. शाळेची बस कॉलेजला सोडत नाही. ज्याच्या घरी दुसरी मोटार, त्याचे पोर कॉलेजला. असे होता होता ज्यांना पैशाची सगळ्यात जास्त निकड, तेच मागे राहतात. देशभर पाहिले तरी गरीब, काळ्या आणि मेक्सिकोकडच्या वंशाच्या मुलांचे प्रमाण या योजनांत कमीच भरते. फी माफ केली म्हणजे वाट मोकळी झाली असे नव्हे. ठिबकला अनुदान मिळते ते कुणाला, हे गावात फिरताना मी रोज बघतो. ज्याला कागद करता येतो त्याला.

यावर त्यांनी काढलेला एक तोडगा चांगला आहे. पोराला कॉलेजात नेण्याऐवजी कॉलेजचा विषयच शाळेत आणायचा. शाळेचाच मास्तर शिकवतो, अभ्यासक्रम आणि देखरेख कॉलेजची. वॉशिंग्टन राज्यात या प्रकाराला पूर्वी मुलांकडून पैसे घेत. २०२३ साली कायदा करून सरकारी कॉलेजांपुरते ते बंद केले. इथे अडचण येते ती मास्तरांची. त्या विषयात पुरेसे वरचे शिक्षण झालेला माणूस लागतो आणि तो खेड्यातल्या शाळेत टिकत नाही.

टनेज आणि उतारा

आता जे सांगतो ते, ज्यांची नातवंडे तिकडे आहेत त्यांनी मुलाला फोनवर वाचून दाखवावे.

ऊस किती टन गेला याला महत्त्व आहेच, पण दराचा पाया उताऱ्यावर ठरतो. पाचट आणि वाढ्यासकट गाडी भरली म्हणून साखर वाढत नाही. क्रेडिटचे तसेच आहे. पोराने ९० क्रेडिट गोळा केले, हे झाले टनेज. पुढचे विद्यापीठ त्यातले किती धरणार आणि कशात धरणार, हा उतारा.

वॉशिंग्टन राज्यात कम्युनिटी कॉलेजांची आणि विद्यापीठांची आपसात बोली झालेली आहे. ठरलेल्या नमुन्याची दोन वर्षांची पदवी असली की राज्यातली सरकारी विद्यापीठे पहिल्या टप्प्याचे सर्वसाधारण विषय झाले असे मानतात. पण राज्याबाहेरच्या किंवा खाजगी विद्यापीठाला ही बोली बांधील नाही. काही मोजतात, काही निम्मे मोजतात, काही अजिबात नाही. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराने इतिहास, मानसशास्त्र असे विषय घेऊन ९० क्रेडिट केले आणि गणित-भौतिकशास्त्राची ओळीने असणारी मालिका केलीच नाही, तर ते क्रेडिट कागदावर राहतात आणि इंजिनिअरिंगची चार वर्षे चारच राहतात. एकाचे पैसे सरकारने भरले, वेळ पोराने दिला, पण उपयोग झाला नाही. म्हणून विषय घेण्याआधी जिथे जायचे त्या विद्यापीठाला विचारावे.

दुसरे, सोळाव्या वर्षी मिळालेला मार्क पुसला जात नाही. शाळेतला कच्चा पेपर शाळेत राहतो. कॉलेजचा निकाल कॉलेजच्या कायमच्या नोंदीत बसतो. पुढे डॉक्टरकीला अर्ज करताना हायस्कुलात असताना केलेल्या कॉलेजच्या विषयांचेही मार्क मागतात. नापास आणि अर्धवट सोडलेले विषय फार झाले तर पुढची सरकारी मदतही अडते. आपल्या पोराची तयारी नसताना "फुकट आहे तर घे की" म्हणून ढकलू नये.

असे असले तरी माझे मत योजनेच्या बाजूनेच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजने आपल्या आवारात हायस्कूल काढले, तेही शाळेत मागे पडलेल्या पोरांसाठी. त्या धर्तीवर पुढे देशभर शाळा निघाल्या. त्यांतल्या काही शाळांत जागा थोड्या आणि अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले होते. त्यामुळे चिठ्ठी निघालेल्या आणि न निघालेल्या पोरांची तुलना करता आली. आपण प्रात्यक्षिक प्लॉट आणि कंट्रोल प्लॉट घेतो तशी. चिठ्ठी निघालेली पोरे कॉलेजात जास्त गेली आणि पदवीही त्यांनी जास्त मिळवली. तेव्हा हे फक्त हुशारांचे काम असे समजण्याचे कारण नाही, पाठीशी माणूस पाहिजे.

आपल्याकडे

हे वाचताना मला माझेच आठवत होते. दहावीनंतर मी कृषी पदविका केली. दोन वर्षे मातीत हात घालून शिकलो. खते, बेणेमळा, पाणी, सगळे. पुढे पदवीला जावे म्हणून एका कॉलेजात चौकशीला गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी पदविकेचा कागद बघितलाही नाही. म्हणाले, "बारावी सायन्स करा आणि पहिल्या वर्षापासून या." म्हणजे जे शिकलो होतो ते परत पहिल्यापासून. घरची परिस्थिती तशी नव्हती, नोकरी धरली. शिकलेले वाया गेले असे नाही, तुमच्या रानात रोज वापरतोच. पण ते कुणी मोजले नाही, याची रुखरुख आहे.

आपण अकरावी-बारावीला कॉलेज म्हणतो. १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि ज्युनिअर कॉलेज हे नाव पडले. पण ती शाळेचीच इयत्ता. बारावीत असताना सरकारी खर्चाने पदवीचा विषय करावा आणि तो पुढे पदवीत धरून घ्यावा, अशी सर्रास सोय आपल्या राज्यात नाही. श्रेयांक साठवण्याची बँक २०२१ साली निघाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय इयत्तांनाही श्रेयांक लावले आहेत. पण शाळेचे श्रेयांक शाळेच्या पायरीचे, पदवीचे पदवीच्या पायरीचे.

आपल्या पोरांना आज खरोखर मोजून मिळते ती वाट एकच मला ठाऊक आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. पहिले वर्ष तिथे धरले जाते. दहावीचा निकाल लागला की "अकरावी सायन्सच" म्हणून तालुक्याला क्लास लावायला पळण्याआधी सभासदांनी ही वाटही पोराशी बसून बोलावी. शाखा कोणती आणि त्या शाखेत पुढे जागा किती, हे प्रवेशाच्या आधी विचारावे.

परवा पुन्हा त्या गावी गेलो. अण्णांना वरचे सगळे थोडक्यात सांगितले. नातीने पहिल्या सत्रात कॉलेजचे दोनच विषय घेतले आहेत, इंग्रजी आणि गणित. दुपारनंतर ती शाळेत परत येते, तिथे व्हॉलीबॉल आहे. गणित घेण्याआधी तिने विद्यापीठाला पत्र घालून विचारले होते, असे तिच्या वडिलांनी सांगितले.

अण्णांनी ऐकून घेतले. "म्हंजे दोन्हीकडं हजेरी," म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "ते असू द्या साहेब. माझ्या खालच्या रानातली लागण तुमी आडसालीतच धरलीया नव्हं?"

नोंदवही उघडून तारीख दाखवली.